ठेका एकच, पाय अनेक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

शिमग्याच्या अंकात पालखी नाचवण्यावर एक टिपण आलं होतं. एका ठेक्यावर खांद्याला खांदा लावून नाचलेली माणसं नंतर एकमेकांच्या हाकेला लवकर धावतात, असं त्यात आम्ही लिहिलं होतं. शिमगा सरला तरी त्या एका वाक्यावरची पत्रं थांबली नाहीत. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. सारख्या आशयाची एकत्र केली आहेत.

प्रश्न : हे वाक्य वाचायला गोड आहे, पण पुरावा काय? पालखी नाचवणारे मुळातच एका भावकीतले, एका वाडीतले असतात. जवळीक आधीची, नाच नंतरचा. तुम्ही कार्यालाच कारण ठरवलंत. (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : शंका रास्त आहे, आणि गावातली पालखी कितीही वर्षं पाहिली तरी तिचं उत्तर मिळणार नाही. त्यासाठी अनोळखी माणसं घ्यावी लागतात आणि कोणी पाय जुळवायचे, कोणी नाही, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवावं लागतं.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विल्टरमथ आणि हीथ या दोघांनी हे केलं. त्यांचा अभ्यास २००९ साली छापून आला. तिघातिघांचे गट आवारात फिरवले. काही गटांनी पाय जुळवून चालायचं, काहींनी आपापल्या चालीने. मग एक खेळ. प्रत्येकाने गुपचूप १ ते ७ मधला एक आकडा निवडायचा, आणि सगळ्यांची कमाई ठरणार गटातल्या सर्वांत लहान आकड्यावर. मोठा आकडा धरला आणि बाकीचे कचरले तर आपलं नुकसान. म्हणजे मोठा आकडा धरणं हा इतरांवरचा भरवसा झाला. पाय जुळवून चाललेल्यांनी मोठे आकडे धरले. ते इतरांपेक्षा जास्त खुशीत होते असंही दिसलं नाही, त्यामुळे ‘मजा आली म्हणून जवळ आले’ हे स्पष्टीकरण इथे पुरत नाही.

त्याच वर्षीचा होव्ह आणि रायझन यांचा प्रयोग आम्हाला जास्त बोलका वाटतो. समोरच्या बाईंच्या बोटाच्या ठोक्याशी ज्यांचं बोट जुळलं, त्यांना त्या बाई अधिक आवडल्या. बाई तिथेच बसलेल्या असताना बोट नुसत्या मेट्रोनोमशी (ठरलेल्या वेगाने टकटकणाऱ्या यंत्राशी) जुळलं, तेव्हा तसं काही झालं नाही. घड्याळाशी ताल जुळवून भागत नाही. समोर आपल्यासारखंच हलणारं माणूस लागतं. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १४ महिन्यांच्या बाळांना कडेवर बांधून, समोरच्या बाईंच्या उड्यांबरोबर गाण्यावर झुलवलं. नंतर त्या बाईंच्या हातून वस्तू ‘चुकून’ पडल्या, तेव्हा तालात झुललेली बाळं बेताल झुललेल्यांपेक्षा जास्त वेळा वस्तू उचलून द्यायला गेली (२०१४). या बाळांना ना भावकी ना वाडी.

हे कशाने होतं? दोन गोष्टी एकत्र चालतात. दुसऱ्याचं पुढचं पाऊल कधी पडेल याचा अंदाज डोकं सतत बांधत असतं. तो अंदाज पुनःपुन्हा खरा ठरला की ‘हा माणूस मला कळतो’ ही भावना तयार होते, आणि माझी हालचाल कुठे संपली, त्याची कुठे सुरू झाली ही रेघ पुसट होते. दुसरी गोष्ट शरीरातली. ब्राझीलमध्ये शाळकरी मुलामुलींना तिघातिघांच्या गटांत नाचवून, नाचाआधी आणि नंतर दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळला आणि दुखणं कितपत सोसवतं ते मोजलं (२०१५, एकूण २६४ जण). दमणूक आणि एकताल या दोन्हींनी सोसण्याची ताकद वेगवेगळी वाढली. सहनाचणाऱ्यांविषयीची जवळीकही तशीच. शरीरात एंडॉर्फिन (दुखणं बोथट करणारं रसायन) सुटतं त्याची ही खूण मानतात. मोजमाप मात्र आडवाटेचं आहे. रक्त काढून इथे एंडॉर्फिन मोजलेलं नाही.

आता आमच्या वाक्याची मर्यादा. बहुतेक प्रयोगांत परिणाम मोजला आहे तो काही मिनिटांनंतरचा. शिवाय कोणता गट तालात होता हे प्रयोग घेणाऱ्याला ठाऊक असेल तर त्याच्या वागण्यातूनही निकाल थोडा सरकतो, ही टीका अलीकडे झाली आहे आणि ती पोकळ नाही. परिणाम खरा आहे, मध्यम आकाराचा आहे, आणि पुन्हा पुन्हा न केल्यास विरतो असं धरून चालावं. म्हणजे आमच्या मूळ वाक्यात ‘थोडी’ हा शब्द हवा होता.

प्रश्न : गणपतीला आमच्या वाडीत साठ-सत्तर चाकरमानी येतात. वर्गणीवरून गाववाले आणि मुंबईकर यांच्यात कुरबुर असते. यंदा दोघांनी मिळून जाखडीचा फेर धरावा असं काहींचं म्हणणं आहे. उपयोग होईल का, आणि बसवावा कसा? (मंडळाचे सचिव, गुहागर तालुका)

उत्तर : होईल, पण फेर चुकीचा बसवलात तर उलटही होईल, म्हणून आधी तेच सांगतो. मुंबईकरांचा एक फेर आणि गाववाल्यांचा दुसरा असं करू नका. एकतालाने आतली माणसं घट्ट होतात, बाहेरची होत नाहीत. दोन फेर म्हणजे दोन तट अधिक पक्के. शक्ती-तुऱ्याचा सामना तर यंदा मुंबई विरुद्ध गाव असा अजिबात नको. सवाल-जवाबाची चुरस रंगते खरी, पण तुम्हाला आत्ता नको तीच आग तिने पेटेल.

फेरात माणसं एकाआड एक लावा, एक गाववाला, एक चाकरमानी. एका फेरात १२ ते १६ जण पुरे. माणशी एक मीटर धरला तर १६ जणांचा फेर साधारण पाच मीटर रुंद होतो. मध्ये गायक, ढोलकीवाला आणि झांजवाला बसूनही समोरच्याचे पाय दिसतात. त्याहून मोठा केला तर लोक पाय सोडून चेहरे बघतात. सत्तर जण असतील तर चार-पाच फेर करा आणि दर गाण्याला प्रत्येक फेरातली चार माणसं अदलाबदल करा.

जाणते एका जागी गोळा होऊ देऊ नका. दर चौथ्या जागी एक जाणता ठेवा. नवख्याची नेहमीची चूक म्हणजे तो समोरच्याकडे बघून शिकतो. फेरात समोरच्याचा उजवा पाय आपल्या डाव्या हाताला दिसतो, आणि फेर फिरू लागला की तो उलट दिशेला जातोय असं वाटतं. नवख्याला सांगा, पुढच्या माणसाच्या खांद्याकडे आणि टाचेकडे बघ. एवढ्याने निम्मे पाय सरळ होतात.

पहिल्या संध्याकाळी दोनच पावलं घ्या. एक पुढे-मागे, एक वळणाचं. बैठका, उड्या, गिरक्या काही नको. त्या आल्या की येणारे नाचतात आणि न येणारे टाळ्या वाजवत बाजूला उभे राहतात. वेग मिनिटाला ८० ते ९० ठोक्यांनी सुरू करा (घड्याळ लावून १५ सेकंदांत २० ते २३ ठोके मोजा) आणि जमल्यावर ११० ते १२० वर न्या. हा माणसाच्या नेहमीच्या चालीचा वेग आहे; पाय आपोआप सापडतात. वीस-पंचवीस मिनिटं झाली की थांबा. चतुर्थी ते गौरी या दिवसांत तीन संध्याकाळी केलंत तरी पुरे.

डीजे नको. ध्वनिप्रदूषणाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी डीजेपुढे प्रत्येकजण आपल्याआपल्यात नाचतो. ठेका एक, हालचाली शंभर. ब्राझीलच्या त्या प्रयोगातही एकाच गाण्यावर वेगवेगळ्या हालचाली करणाऱ्यांत जवळीक कमी आढळली.

फेर संपला की लगेच एक सामायिक काम काढा. भाद्रपदात विसर्जनाची पाणंद रानाने भरलेली असते. कोयत्या घेऊन तीच साफ करा, पुन्हा मिसळलेल्या गटांत. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी २०१३ साली दाखवलं, की ‘आपण मिळून हे साधतोय’ असा हेतू तालाला जोडला तेव्हा सहकार्य सर्वांत जास्त वाढलं. आणि वर्गणीचा हिशेब फळ्यावर लिहून टांगा. नाचाने हिशेब मिटत नाहीत. नाचलेली माणसं हिशेबाच्या बैठकीला थोडी कमी तडकतात, इतकंच.

प्रश्न : आमच्या मिरवणुकीत ढोल-ताशे पुढे, मागे झांजा आणि टाळ्यांची लांब रांग. मागचे कायम मागे पडतात. शिवाय सुरुवातीचा ठेका शेवटी इतका पळतो की म्हातारे बाजूला होतात. दोष कोणाचा? (संगमेश्वर)

उत्तर : पहिल्या दोषात कोणीच दोषी नाही, आवाज दोषी आहे. आपल्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो. ढोलापासून ३५ मीटर मागे असलेल्याला ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो. मिनिटाला १२० ठोके असतील तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंद. म्हणजे मागचा माणूस पाचव्या हिश्शाने मागे. १६० वर गेलात तर पावाहून जास्त. वर त्याची झांज पुढच्यांना ऐकू यायला तितकाच वेळ आणखी लागतो, त्यामुळे पुढच्यांना तो दुप्पट मागे वाटतो. “मागचे ढिले आहेत” ही ओरड म्हणून अन्यायाची आहे. सरावलेल्या कानाला ३०-४० मिलिसेकंदांचा फरकही खुपतो, आणि तो दहा-बारा मीटरवरच तयार होतो.

उपाय स्वस्त आहेत. ढोल रांगेच्या मध्ये घ्या. ४० मीटरची रांग असेल तर सर्वांत लांबचा माणूस २० मीटरवर येतो, उशीर निम्मा. दुसरा उपाय डोळ्यांचा. प्रकाशाला उशीर नसतो, म्हणून निशाण धरणाऱ्याला समेवर काठी वर-खाली करायला सांगा आणि मागच्यांना कान सोडून त्याच्याकडे बघायला लावा. दोन्ही एकत्र केलेत तर उत्तम.

मागे दुसरा ढोल लावायचा मोह होतो. तो ढोलवाला पुढचा ठोका ऐकूनच वाजवणार, म्हणजे चूक मोठ्या आवाजात होणार. लावायचाच तर त्यानेही निशाण बघून वाजवावं. ब्लूटूथवर चालणारा स्पीकर मागे ठेवू नका. तो स्वतःचा दहावा भाग सेकंद किंवा जास्त उशीर वर घालतो. पाखाडीत (पायऱ्यांच्या चिंचोळ्या वाटेत) दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे असतात, तिथे आवाज उलटून येतो आणि कोणता ठोका खरा ते कळत नाही. पाखाडी लागली की ताशाचे दाट बोल बंद करून नुसता ढोल वाजवावा.

वेग पळण्याचं कारण वेगळं. माणूस ठेका धरतो तेव्हा ठोका ऐकून हात हलवत नाही. पुढचा ठोका कधी पडेल याचा अंदाज बांधून हलवतो, आणि तो अंदाज जरा आधीच पडतो, काही मिलिसेकंदांनी. एकटा असताना यातलं बरंच सावरलं जातं. गटात मात्र प्रत्येकजण दुसऱ्याच्या किंचित लवकर पडलेल्या ठोक्याला जुळवून घेतो, आणि सगळ्यांची दुरुस्ती एकाच दिशेला होते. एकट्यापेक्षा गट जास्त पळतो हे प्रयोगशाळेतही मोजलं गेलं आहे.

म्हणून वेगाचा मालक एकच असावा, आणि तो ढोलवाला असावा. ताशेवाला नको, दाट बोलांत वेग चढला तरी त्याला कळत नाही. दर दहा मिनिटांनी कोणीतरी घड्याळावर १५ सेकंद मोजावेत. ३०च्या जागी ३५ ठोके पडले तर चालू ठेक्यात आवरायला जाऊ नका. हळूहळू उतरवायला गेलात की अर्धे उतरतात, अर्धे उतरत नाहीत. सरळ थांबा, गाऱ्हाणं (देवापुढचं सामूहिक मागणं) घाला, आणि ठरलेल्या वेगाने नव्याने उचला. मुद्दाम दुगुन (दुप्पट वेग) घ्यायची असेल तर जागा आधी ठरवा, म्हणजे म्हाताऱ्यांना बाजूला व्हायला वेळ मिळतो. फार संथही नको. दोन ठोक्यांत पावणेदोन सेकंदांहून जास्त वेळ गेला की अंदाज बांधता येत नाही, माणसं ऐकून हलायला लागतात आणि ठेका सांडतो.

प्रश्न : पटसंख्या घटल्याने दोन शाळांची मुलं आमच्याकडे एकत्र आली. मधल्या सुट्टीत दोन कोंडाळी वेगळी बसतात. लेझीमचा उपयोग करता येईल का? इयत्ता तिसरी ते पाचवी, २८ मुलं. (शिक्षिका, देवगड तालुका)

उत्तर : येईल, बाई, आणि या वयाला तो छान लागू पडतो. लाइपझिगमध्ये २०१० साली चार वर्षांच्या मुलांच्या जोड्यांना एकत्र गाऊन-नाचून खेळवलं, दुसऱ्या जोड्यांना तसाच खेळ तालाशिवाय दिला. तालात खेळलेल्यांनी नंतर एकमेकांना जास्त मदत केली. त्याच संशोधकांना आधी हेही दिसलं होतं, की लहान मुलं यंत्राच्या ठोक्यापेक्षा समोर बसलेल्या माणसाच्या ठोक्याशी चांगली जुळतात. म्हणून मोबाईलवर गाणं लावून मुलांना सोडू नका. हलगी किंवा साधा डबा घेऊन तुम्ही स्वतः मुलांना दिसतील अशा उभ्या राहा.

रांगा नकोत, गोल हवा. रांगेत मागच्याला पुढच्याची पाठ दिसते, आणि पुढे नेहमी चांगलं जमणारीच मुलं लागतात. २८ जणांचे दोन गोल, प्रत्येकी १४, दोन्ही शाळांची मुलं एकाआड एक. दोन मुलांत दीड मीटर अंतर ठेवा. लेझीम उघडताना साखळीच्या चकत्या शेजारच्याच्या बोटांना लागतात, ही सर्वांत नेहमीची इजा आहे. लेझमा कमी असतील तर टाळ्या आणि टिपऱ्या चालतील.

पहिला आठवडा नुसते ‘चार आवाज’, जागेवर उभं राहून, मिनिटाला ८० च्या आसपास. दुसऱ्या आठवड्यात ‘आगे फलांग, पीछे फलांग’, वेग १०० पर्यंत. ‘घुटना टेक’ पावसाळ्यात टाळा, जांभ्याचं अंगण गुडघे सोलतं. रोज दहा-बारा मिनिटं पुरे. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. संपल्यावर त्याच जोड्यांना एक काम द्या. बाक उचलणं, पाण्याची बादली दोघांनी धरून आणणं, असं दोन हातांशिवाय होणार नाही ते.

दोन सापळे आहेत. ‘कोणत्या शाळेच्या मुलांचा ताल चांगला’ अशी स्पर्धा लावू नका. आणि चुकणाऱ्या मुलाला गोलाबाहेर काढू नका. त्याला तुमच्या अगदी समोर आणा. दिसलं की जमतं.

प्रश्न : पूर्वी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढताना तीस-चाळीस हात दोराला असत. आता काही ठिकाणी यंत्राने ओढतात. माणसं दुरावली त्याचं हेही एक कारण असेल का? (मालवण)

उत्तर : असेल, पण सगळा दोष यंत्राला देता येत नाही. रापणीत ताल होता, घामही होता आणि दोराला हात लावणाऱ्याला मासळीचा वाटाही होता. या तिन्हींपैकी कशाने माणसं बांधली हे सुटं करून सांगता येत नाही.

ओढण्यापुरता ताल किती लागतो हे मात्र मोजलेलं आहे. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून बळ मोजलं. निष्कर्ष १९१३ साली छापले गेले. आठ जणांचं एकत्र बळ त्यांच्या सुट्या बळांच्या बेरजेच्या जेमतेम निम्मं भरलं. एक कारण म्हणजे हिसके एका क्षणी पडत नाहीत. ‘हैस्सा’ची आरोळी तेवढ्यासाठीच असते. दुसरं कारण चोरट्या अंगाचं. १९७४ साली अमेरिकेत डोळे बांधलेल्या माणसाला ‘तुझ्यामागे इतर ओढतायत’ असं सांगितलं, मागे प्रत्यक्षात कोणी ओढत नव्हतं, तरी त्याने कमी जोर लावला. तालावर ओढताना पुढच्याची पाठ आणि मागच्याचा श्वास कळतो, त्यामुळे अंगचोरपणा लपत नाही. आमच्या मते रापणकरांना हे कोणी मोजण्याच्या कितीतरी आधी ठाऊक होतं.

एकत्र वल्हवण्याचंही तेच. ऑक्सफर्डच्या वल्हेकऱ्यांनी व्यायामाच्या यंत्रावर ४५ मिनिटं एकट्याने आणि मग तितकाच वेळ, तितकीच मेहनत करून गटाने वल्हवलं. गटात वल्हवल्यावर दुखणं सोसण्याची ताकद जास्त वाढलेली दिसली (२०१०). यंत्र आल्यावर तो भाग जातो. तो हवाच असेल तर होड्या वर ओढणं, भात लावणी, होळीचं झाड खांद्यावर आणणं ही कामं अजून हातांचीच आहेत.

प्रश्न : मला ताल कळत नाही. गौरीच्या फुगड्यांत माझा पाय चुकतो, बायका हसतात, म्हणून मी आता बसूनच असते. (वेंगुर्ला)

उत्तर : ताई, ताल मुळीच न कळणारी माणसं फार थोडी असतात. बहुतेकांचा कान ठीक असतो, पाय घाबरलेले असतात. फेराच्या फुगडीत शेजारणीचा हात धरायला मिळेल अशी जागा घ्या. हाताच्या ओढीतून ठेका कानापेक्षा लवकर कळतो. गाण्याचे शब्द आधी पाठ करा, कारण शब्द आठवण्यात लक्ष गेलं की पाय सुटतो.

नाहीतर सरळ दोघींची फुगडी घाला. तिला बाहेरचा ठेका लागतच नाही. हातांची कैची करून बोटं न धरता मनगटं धरा, चवडे जवळजवळ टेकवा, दोघींनी सारखंच मागे झुका. वजन एकमेकींवर तोललं जातं, आणि तोल सांभाळणं हाच ताल होतो. जोडीदारीण आपल्या वजनाची निवडा. सारवलेलं अंगण बरं, ओली फरशी नको. पाच-सहा गिरक्यांनी वेग उतरवून थांबा. मध्येच हात सोडणं हीच पडण्याची जागा.

तेही नको वाटलं तर बसून झील धरा, म्हणजे गाणारीच्या मागून ओळ म्हणा. स्टॅनफर्डच्याच पुढच्या प्रयोगात नुसतं एकत्र गाणाऱ्यांतही सहकार्य वाढलं होतं. आणि सगळ्यांचा पाय एकाच क्षणी पडायला हवा असंही नाही. झुलवलेल्या त्या बाळांत, बाई वर जाताना बाळ खाली आणि बाई खाली येताना बाळ वर, असं झुललेलीही तितकीच मदतीला धावली होती. टिपऱ्यांत आणि फुगडीत आपण हेच करतो.

प्रश्न : एका तालावर हलवून माणसांची मेंढरं करता येतात, हे तुम्ही का लिहीत नाही? कवायतीचा इतिहास बघा. (निवृत्त प्राध्यापक, अलिबाग)

उत्तर : लिहितो. इतिहासकार विल्यम मॅकनील १९४१ साली अमेरिकी सैन्यात भरती झाले आणि टेक्ससमध्ये तासन् तास कवायत करताना अंगात भरणाऱ्या त्या ‘आपण मोठे झालो’ अशा भावनेने चक्रावले. पुढे १९९५ साली त्यांनी कवायत आणि नाच यांच्या इतिहासावर पुस्तकच लिहिलं. सैन्यांनी कवायत ठेवली ती शोभेसाठी नाही, हे त्यातून स्पष्ट होतं.

प्रयोगही तुमच्या बाजूचे आहेत. वर ज्यांचं नाव आलं त्याच विल्टरमथ यांनी २०१२ साली दाखवलं, की सांगणाऱ्याबरोबर पाय जुळवून चाललेले लोक त्याच्या सांगण्यावरून जिवंत किडे मारायच्या यंत्रात टाकायला जास्त तयार झाले. २०१४ च्या एका अभ्यासात पाय जुळवून चाललेल्या पुरुषांना फोटोतला शत्रू लहान आणि कमी ताकदीचा वाटला. २०२० साली गेलफंड आणि सहकाऱ्यांना दिसलं, की तालात हललेले गट एकमेकांशी जुळवून घेण्यात सरस ठरले, पण वेगळं मत मांडण्यात आणि नवीन काही सुचण्यात मागे पडले.

यावरून आमचा एक साधा सल्ला आहे. ठराव आधी, नाच नंतर. देवळात गाऱ्हाण्याला शंभर जणांनी एका सुरात ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं, की त्याच दमात गावकीच्या जमिनीचा ठराव मांडू नये. त्यालाही ‘व्हय म्हाराजा’च येईल.

प्रश्न : मुलगा दुबईला असतो. व्हिडिओ कॉलवर आरतीत सामील होतो, पण त्याच्या टाळ्या आमच्याशी कधीच जुळत नाहीत. (दापोली)

उत्तर : जुळणारही नाहीत. आवाज जाऊन परत येईपर्यंत पाव-अर्धा सेकंद सहज जातो, आणि तो दर घडीला बदलतो. त्याला त्याचा माइक बंद करून तुमच्याबरोबर म्हणू द्या. त्याच्या कानात त्याचा ताल तुमच्याशी जुळलेला असेल, तुम्हाला फक्त त्याच्या हातांची हालचाल दिसेल. शेवटी घालीन लोटांगण झाल्यावर माइक सुरू करून त्याच्याकडून एखादा श्लोक एकट्याने म्हणवून घ्या.

प्रश्न : पालखीच्या वाटेवर पऱ्यावर (ओढ्यावर) जुना लोखंडी साकव (लहान पूल) आहे. त्यावर पालखी नाचवली की तो हलतो. काहीजण म्हणतात हललं तरी काही होत नाही. (राजापूर तालुका)

उत्तर : नाचवू नका. चालताना माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो. सगळी एकदम पडली आणि साकवाचा स्वतःचा झोका त्याच्या जवळचा निघाला तर प्रत्येक पावलाने झोका वाढत जातो. इंग्लंडमध्ये ब्रॉटन इथला झुलता पूल १८३१ साली पाय जुळवून चाललेल्या सैनिकांखाली कोसळला आणि त्यानंतर पुलावर पाय न जुळवता चालायचा हुकूम तिथल्या सैन्यात रूढ झाला. लंडनचा मिलेनियम पूल १० जून २००० ला उघडला आणि दोन दिवसांत बंद करावा लागला. तिथे तर कोणी ताल धरलाही नव्हता. पूल बाजूला झुलू लागला आणि तोल सावरताना गर्दीचे पाय आपोआप त्या झोक्याला जुळू लागले. उड्यांचं तर बोलूच नका. उडी मारून पडणारं माणूस पुलावर आपल्या वजनाच्या कितीतरी पट भार टाकतं, आणि गंजलेल्या सांध्यांना तो भार सोसण्याची सवय नसते.

साकवाच्या आधी वीस पावलं ढोल बंद करा. पालखी उचलणारे मुद्दाम वेगवेगळ्या पायांनी, सावकाश चालू द्या. पालखी पार होईपर्यंत साकवावर आणखी कोणी नको. मग बाकीचे पाच-सहांच्या तुकड्यांनी, मध्ये जागा सोडून. साकव हलू लागलाच तर पळू नका, जागेवर थांबा, झोका बसू द्या. ढोल वाजेल तो शेवटचा माणूस पलीकडच्या काठावर उतरल्यावर.